निवृत्त इंजिनाचे प्रतिपत्तिकर्म

नागपुरातील मोतीबाग परिसरात १४ डिसेंबर २००२ रोजी नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले आणि बंगाल नागपूर रेल्वेच्या ‘सीसी’ वर्गातील ६७७ क्रमांकाच्या वाफेच्या इंजिनाला तेथे जागा मिळाली. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने १९०७ मध्ये बांधलेले हे इंजिन अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांसाठी घडवले होते. त्याच्या वर्गातील बहुतेक भावंडे मात्र भंगारात निघाली. एकाच आराखड्याने घडलेल्या आणि एकच काम केलेल्या यंत्रांपैकी एकाच्या वाट्याला संग्रहालय येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला भट्टी, तेव्हा ही निवड कोणत्या न्यायाने झाली हा प्रश्न केवळ संग्रहालयशास्त्राचा राहत नाही. उपयोग संपलेल्या वस्तूला माणूस काही देणे लागतो का, आणि लागत असेल तर ते जतनानेच फिटते की विसर्जनानेही फिटू शकते, हा मूलतः कर्तव्यविचाराचा, म्हणजे धर्मविचाराचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला नागपुरात विशेष वजन आहे, कारण या शहराची आधुनिक घडण रेल्वेशी बांधलेली आहे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी भुसावळकडून नागपुरात पोहोचली, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने हे शहर पूर्वेकडे जोडले, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाल्यावर, १९०३ ते १९०५ या काळात गोंदिया-जबलपूर हा सातपुडा रेल्वेचा अरुंद मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. पुढे छिंदवाडा आणि नागभीड या दिशांनाही तशाच लहान गाड्या नागपूरहून धावू लागल्या; त्यांनी जंगलातील लाकूड, खाणींतील मँगनीज व कोळसा आणि खेडोपाडीची माणसे वाहिली. डिझेल इंजिने आल्यावर वाफेची इंजिने बाजूला पडली, ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर-फिरोजपूर मार्गावर ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूकही संपली, आणि छिंदवाड्याची अरुंद गाडी २०१५ मध्ये तर नागभीडची २०१९ मध्ये गेजबदलासाठी बंद झाली. अशा रीतीने या इंजिनांचे प्रथम काम गेले आणि नंतर ज्या वाटेवर ते काम चालत होते ती वाटही गेली.

ही निवृत्ती अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. वाफेचे इंजिन जाळलेल्या कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्साही ओढण्याच्या कामात आणू शकत नव्हते. ते थंड स्थितीतून कामास लावायचे तर वाफ धरायला काही तास जात. वाटेत वारंवार पाणी घ्यावे लागे. राख काढणे आणि बॉयलर धुणे ही लोको शेडमधील न संपणारी कामे होती. भट्टीसमोर उभे राहून फावड्याने कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या दृष्टीने तर डिझेल इंजिनाचे आगमन ही सुटकाच होती. म्हणून निवृत्त इंजिनाविषयीच्या कर्तव्याचा विचार गतकाळाच्या हळहळीवर उभा करता येत नाही. त्याला वेगळा आधार शोधावा लागतो.

पहिला आधार म्हणून वस्तूच्या स्वरूपाकडे पाहता येते. न्याय-वैशेषिक दर्शनात ‘अवयवी’ ही कल्पना आहे: सुटे भाग म्हणजे अवयव, आणि ते एकत्र आल्यावर त्यांच्याहून वेगळी अशी जी एक संपूर्ण वस्तू निर्माण होते तो अवयवी. या मतानुसार इंजिन हे चाके, सिलिंडर आणि बॉयलर यांची केवळ बेरीज नव्हे, तर त्यांच्या आश्रयाने राहणारे एक स्वतंत्र द्रव्य होय. परंतु हेच दर्शन असेही सांगते की अवयव बदलले की जुना अवयवी नाहीसा होतो आणि नवा उत्पन्न होतो. त्यामुळे दुरुस्त केलेले इंजिन काटेकोरपणे पाहता पूर्वीचे उरतच नाही.

बौद्ध विचार याच्याही पुढे जातो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाच्या उदाहरणाने दाखवून देतो की चाक, आस, दांडा यांपैकी कशालाही रथ म्हणता येत नाही आणि त्यांना वगळून वेगळा रथही सापडत नाही. रथ हे त्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने ज्या शहरात बौद्ध विचाराला नवे जीवन मिळाले, त्या शहरात हा युक्तिवाद रेल्वे कारखान्याकडे पाहतानाही आठवावा असा आहे, कारण कारखान्यांचा व्यवहार त्याला दुजोरा देतो. ठरावीक काळाने होणाऱ्या संपूर्ण तपासणीत, म्हणजे ओव्हरहॉलिंगमध्ये, एका इंजिनाचा बॉयलर काढून त्याच वर्गातील दुसऱ्यावर चढवणे ही सर्वत्र रूढ पद्धत होती. बॉयलर दुरुस्त होईपर्यंत इंजिन अडकून पडू नये हा त्यामागचा हिशेब. कित्येक इंजिनांच्या बाबतीत टिकून राहिला तो मुख्यतः क्रमांक.

इंग्लंडमधील एका उदाहरणाने हा पेच टोकाला जातो. अभियंता पेपरकॉर्न यांनी आखलेल्या ‘ए-वन’ वर्गातील १९४८-४९ मध्ये बांधलेली सर्व ४९ इंजिने १९६६ पर्यंत भंगारात गेली होती; तरीही त्याच आराखड्यावरून हौशी मंडळींनी निधी उभारून ‘टॉर्नेडो’ नावाचे पन्नासावे इंजिन बांधले आणि ते २००८ मध्ये रुळांवर आले. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर व्यक्ती संपल्या, पण जाती, म्हणजे अनेक व्यक्तींमध्ये समान असणारे सामान्य, नव्या आश्रयात पुन्हा प्रकट झाली. यावरून एवढे निश्चित होते की ‘हेच ते मूळ लोखंड’ या दाव्यावर जतनाचे कर्तव्य उभे राहू शकत नाही: लोखंड सेवाकाळातही बदलतच होते, आणि लोखंड मुळीच शिल्लक नसतानाही इंजिनाची जात परत आणता येते.

दुसरा आणि अधिक उपयोगी आधार पूर्वमीमांसेत सापडतो. वैदिक कर्मांच्या विधींचा अर्थ लावणाऱ्या या दर्शनात, यज्ञातील साधनांवर होणाऱ्या क्रियांचे ‘अर्थकर्म’ आणि ‘प्रतिपत्तिकर्म’ असे दोन प्रकार मानले आहेत. जी क्रिया पुढील एखाद्या कार्यासाठी केली जाते ते अर्थकर्म. आणि जिचा विषय आधीच वापरून झालेली वस्तू असतो व ती वस्तू योग्य जागी मार्गी लावणे एवढेच जिचे प्रयोजन असते ते प्रतिपत्तिकर्म. सोमयागात यजमानाच्या हातातील दंड मैत्रावरुण नावाच्या ऋत्विजाला दिला जातो, तेव्हा तो त्या दंडाचा आधार घेऊन आपले कर्म करतो, म्हणून ते दान अर्थकर्म ठरते. यजमानाने अंग खाजवण्यासाठी वापरलेले काळविटाचे शिंग मात्र दक्षिणा दिल्यानंतर चात्वाल नावाच्या खड्ड्यात टाकले जाते, आणि ते प्रतिपत्तिकर्म होय. अग्निहोत्र्याची यज्ञपात्रे त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या देहावर मांडून त्याच्यासोबतच अग्नीला दिली जातात, तीही त्या पात्रांची प्रतिपत्तीच.

या विभागणीतून तीन गोष्टी हाती येतात. वापरून झालेल्या वस्तूची विल्हेवाट हीसुद्धा विहित क्रिया आहे. ती बेफिकिरीवर सोडलेली नाही. तसेच, वस्तूला मिळणारा हा आदर तिच्या भावी लाभातून नव्हे, तर झालेल्या उपयोगातून उत्पन्न होतो. आणि या आदराचे रूप जतनच असले पाहिजे असे नाही: खड्ड्यात टाकणे, पाण्यात सोडणे, अग्नीला अर्पण करणे हेही त्याचेच मार्ग आहेत. खंडेनवमीला हत्यारे पुजणाऱ्या आणि पुजलेला गणपती पाण्यात विसर्जित करणाऱ्या मराठी समाजाला आदर आणि विसर्जन यांचे हे साहचर्य मुद्दाम शिकवावे लागत नाही. देहावर मांडलेल्या यज्ञपात्रांप्रमाणे, जो मार्गच नाहीसा झाला त्याच्या इंजिनांनी पोलादाच्या भट्टीत जाणे हा त्यांचा अपमान ठरत नाही. मात्र तत्पूर्वी त्यांची नोंद झालेली असली पाहिजे आणि वितळवण्याचा निर्णय जाणूनबुजून घेतलेला असला पाहिजे.

पर्यटनासाठी पुन्हा चालवलेले इंजिन या मांडणीत दंडाच्या बाजूला येते, कारण ते नव्या हातांत नव्या कामासाठी दिलेले असते. या प्रकाराची परंपरा वेल्समधील टॅलिलिन रेल्वेपासून मोजली जाते, जी १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. त्याच वेल्समध्ये बॅरी येथील भंगारवाल्याने विकत घेतलेली इंजिने तोडण्याचे काम वर्षानुवर्षे लांबणीवर टाकले आणि त्यामुळे तेथून २१३ इंजिने हौशी संस्थांकडे जाऊ शकली. भारतात १८५५ मध्ये लीड्सला घडलेली आणि १९०९ मध्ये निवृत्त झालेली ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा धावली आणि पुढच्याच वर्षी नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. महाराष्ट्रात १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाच्या चार मूळ इंजिनांची पांगापांग झाली; त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात तर एक थेट इंग्लंडमध्ये पोहोचले. दंड देण्याला अर्थ येतो तो घेणारा त्याचा खरोखर आधार घेत असेल तरच, आणि इंजिनाच्या बाबतीत घेणारा म्हणजे प्रवासी नव्हे, तर वाफ धरणारे, पाण्याची पातळी सांभाळणारे, नळ्या बदलणारे शिकलेले हात होत. हे हात तयार न करता इंजिन चालवणे म्हणजे मैत्रावरुणाशिवाय दंडाचे दान करणे.

येथे मीमांसेतील आणखी एक विचार मदतीला येतो, तो ‘प्रतिनिधी’चा. विहित द्रव्य मिळत नसेल तर त्याच्याऐवजी तत्सम दुसरे वापरता येते, उदाहरणार्थ व्रीहीच्या जागी नीवार म्हणजे रानतांदूळ. परंतु देवता, अग्नी, मंत्र आणि स्वतः क्रिया यांना प्रतिनिधी चालत नाही. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवरील काही वाफेची इंजिने कोळशाऐवजी तेलावर चालू लागली, तेव्हा द्रव्य बदलले, पण भट्टीतील अग्नी आणि वाफेची क्रिया कायम राहिली; हा प्रतिनिधी मान्य होण्याजोगा आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या एकता नगर-अहमदाबाद हेरिटेज गाडीला मात्र विजेचे इंजिन असून त्याला वाफेच्या इंजिनाचे बाह्यरूप दिले आहे. प्रवासी वाहतूक म्हणून त्यात दोष नाही. पण येथे अग्नी आणि क्रिया या दोन्हींनाच प्रतिनिधी दिल्याने त्या गाडीला वाफेच्या परंपरेचे जतन म्हणता येत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप संभवतो. इंजिन हे यज्ञपात्र नव्हे. त्यावर कोणाची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, आणि वसाहती राजवटीने कच्चा माल नेण्यासाठी आणलेल्या यंत्राला धार्मिक परिभाषेत गुंडाळणे म्हणजे इतिहासावर शेंदूर फासणे होय. आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे, पण त्याने मुद्दा बाधित होत नाही, कारण प्रतिपत्तीचा अधिकार वस्तूतील दैवी अंशावर नव्हे, तर तिच्या झालेल्या उपयोगावर अवलंबून आहे. खाजवण्याच्या शिंगातही देवत्व नसते. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि तो स्वीकारल्याने कर्तव्य उलट अधिक स्पष्ट होते. उपयोग कधीच एकट्या यंत्राचा नसतो. तो ड्रायव्हर, फायरमन, फिटर, खलाशी आणि रूळ सांभाळणारे गँगमन यांच्या श्रमातून घडतो. या श्रमाचा आणि त्यामागील सत्तासंबंधांचा उल्लेख गाळून केवळ चकचकीत रंगवलेले इंजिन दाखवले, तर जो उपयोग आदराचे कारण आहे तोच झाकला जातो.

म्हणून निवृत्त इंजिनाच्या भवितव्याविषयी निर्णय देणे शक्य आहे. भट्टी, संग्रहालय आणि पर्यटनमार्ग हे तिन्ही शेवट धर्म्य आहेत. अधर्म्य आहे ती चौथी अवस्था, ज्यात इंजिन ना वितळवले जाते, ना सांभाळले जाते, ना चालवले जाते, तर यार्डाच्या कडेला गंजत ठेवले जाते आणि त्याचे सुटे भाग एकेक करून नाहीसे होत जातात. मोतीबागेतील ६७७ क्रमांकाच्या इंजिनाला स्थिर जागा मिळाली, ही त्याची प्रतिपत्ती होय, आणि ते न धावल्याने ती अपुरी ठरत नाही. ती पूर्ण मात्र तेव्हाच होईल, जेव्हा त्या इंजिनाची झालेली दुरुस्ती, बदललेले भाग, त्याने केलेले काम आणि ते चालवणाऱ्या निरनिराळ्या श्रेणींतील माणसांची हकिगत त्याच्या शेजारी तितक्याच ठळकपणे मांडली जाईल. सातपुड्यातील अरुंद गाड्यांवर काम केलेली पिढी वृद्ध होत चालली आहे. तिच्याकडून ही माहिती लिहून घेणे हे नागपूरच्या रेल्वे प्रशासनाचे, विद्यापीठाचे आणि इतिहासमंडळांचे आजचे काम आहे, आणि इंजिनाला पुन्हा रंग देण्यापूर्वी ते व्हायला हवे.