यत्न आणि सिद्धि

कांहीं क्रियापदें केवळ कृति सांगतात. कांहीं कृतीबरोबर तिच्या फलाचीहि ग्वाही देतात. ‘शोधणें’ निराळें, ‘सांपडणें’ निराळें. ‘औषध देणें’ निराळें, ‘बरें करणें’ निराळें. इंग्रजींतील ‘रिससिटेट्’ हें क्रियापद मात्र या सीमेवर संदिग्धपणें उभें आहे. गेलेला श्वास परत आणला, असाही त्याचा अर्थ होतो. आणि तो आणण्याचा यत्न केला, रोगी वाचला नाहीं, तरी डॉक्टर तेंच क्रियापद योजतात.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पुन्हा हालवून उठविणें’ एवढाच आहे. ‘रिव्हाइव्ह्’मध्यें जसा ‘जगणें’ हा धातु आहे, तसा तो येथें नाहीं. 1774 सालीं लंडनमध्यें बुडालेल्यांस वाचविण्यासाठीं जी संस्था निघाली, तिनेंहि आपल्या नांवांत ‘मृत’ न म्हणतां ‘मृतवत् दिसणारे’ असेंच म्हटलें होतें. 1960 सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनीं, छाती न उघडतां केवळ बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवतां येतें, हें प्रसिद्ध केलें. ही विद्या सर्वांच्या हातीं आली, आणि लवकरच ती प्रत्येक मरणाच्या वाटेंत उभी राहूं लागली.

त्यांतून ‘रिससिटेट् करूं नये’ हा लेखी आदेश जन्मास आला. पुढें त्यांत ‘प्रयत्न’ हा शब्द घालण्यांत आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या मार्गदर्शनांतहि तो आहे. ही केवळ शब्दांची कसरत नव्हे. जर्जर पित्याच्या उशाशीं बसलेल्या मुलास ‘प्राण परत आणूं कां?’ असें विचारलें, तर ‘नको’ म्हणणें त्यास पितृहत्येसमान वाटेल. ‘प्रयत्न करून पाहूं कां?’ असें विचारलें, म्हणजे यश कितपत संभवतें, बरगड्या मोडतील कां, आणि पित्याची स्वतःची इच्छा काय होती, हे प्रश्न त्यास सुचतात.

यावर कोणी म्हणेल कीं, फलाची आशा न धरतां कर्म करावें, हीच आपली शिकवण नव्हे काय? परंतु फलाची आसक्ति सोडणें म्हणजे परिणामाचा विचार सोडणें नव्हे. विशेषतः जेव्हां परिणाम दुसऱ्याच्या देहावर व्हावयाचा असतो. नदींतून बाहेर काढलेल्या तरुणासाठीं यशाची आशा थोडी असली, तरी यत्न हेंच कर्तव्य होय. आयुष्य पुरें झालेल्या, आणि तसें स्वमुखानें सांगून ठेवलेल्या वृद्धासाठीं तें कर्तव्य राहात नाहीं.

कथेंतील संजीवनीला अपयश ठाऊक नव्हतें. मनुष्याच्या विद्येला तें आहे. म्हणून तिला संजीवनीचें नांव देऊं नये. यत्नास यत्न म्हटलें, तरच तो केव्हां करावा व केव्हां थांबवावा, हें शांत चित्तानें ठरवितां येईल.