त्याग कोणी करावयाचा?

एकाचा कुलासाठी, कुलाचा ग्रामासाठी आणि ग्रामाचा जनपदासाठी त्याग करावा, हे प्राचीन नीतिवचन धरणाच्या वा महामार्गाच्या समर्थनार्थ आपल्याकडे इतक्या वेळा पुढे केले जाते की, ते कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी सांगितले, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. महाभारतात ते विदुराने धृतराष्ट्रास सांगितले आहे, आणि ज्याचा त्याग करावयाचा तो दुर्योधन धृतराष्ट्राचाच पुत्र होता. कुलरक्षणासाठी राजाने प्रजेपैकी कोणाचे लेकरू हिरावून घ्यावे, असे विदुर सुचवीत नाही. राजाने स्वतःचे सोडावे, असे तो म्हणतो. त्याग करणाऱ्याच्या संमतीवाचून त्याग संभवत नाही. संमतीवाचून जे नेले जाते त्यास, नेणाऱ्याचा हेतू कितीही उदात्त असो, हरण हेच नाव शोभते.

मुळशीत मुळा आणि नीला यांच्या संगमापाशी टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा त्यातून मुंबईस वीज मिळणार होती, हे खरेच होते. परंतु १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये सार्वजनिक प्रयोजन ठरविण्याचा अखत्यार सरकारचा, आणि बुडीत जाणाऱ्या पन्नासाहून अधिक गावांतील मावळ्यांचा संबंध मोबदल्याच्या रकमेपुरता. आंबेमोहर पिकविणाऱ्या खाचरांत चाचणीचे खड्डे आधी खणले गेले. मालकास विचारावे, हे कोणास आवश्यकच वाटले नाही. १९२१ च्या रामनवमीस सुरू झालेला, पुढे सेनापती बापटांनी ज्याची धुरा वाहिली तो धरणविरोधी सत्याग्रह चालू असतानाच, १९२३ साली, हरकती ऐकण्याचे कलम कायद्यात आले खरे. पण निकडीच्या सबबीखाली तेही बाजूस सारण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली.

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार होणारी जनसुनावणी याहून पुष्कळ पुढची आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तीस दिवसांची नोटीस, लोकभाषेतील सारांश, जिल्हाधिकारी वा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, हे सारे मुळशीकरांच्या स्वप्नातही नव्हते. तथापि ही सुनावणी भरते तोवर जागा मुक्रर झालेली आणि अहवालाचा मसुदा तयार झालेला असतो; शिवाय तिला गणसंख्येचे बंधन नाही. थोड्यांच्या नकारापायी साऱ्या प्रांताचे पाणी अडावे काय, हा आक्षेप गंभीर आहे, आणि प्रत्येक नकार अखेरचा मानावा असे माझे म्हणणे नाही. पण धरणाची उंची, रस्त्याची आखणी, जागेचा पर्याय हे अजून खुले असताना ज्याची जमीन जावयाची तो त्या चर्चेस बसलेला असावा. एरवी त्याचा होकारसुद्धा निरर्थक ठरतो.

ओडिशातील नियमगिरीवरील खाणीच्या प्रकरणी हे एकदा घडले. तेथील आदिवासींचा देव नियमराजा याच्या उपासनेस खाणीमुळे बाधा पोचते की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी स्वतः न सोडविता ग्रामसभांकडे सोपविला. डोंगरउतारावरील बारा वस्त्यांत, न्यायाधीशांच्या उपस्थितीत सभा भरल्या. बाराही सभांनी नकार दिला आणि पुढील जानेवारीत केंद्र सरकारने खाणीस परवानगी नाकारली.