पाण्याला लागलेली आग
2024 च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर सोसायट्यांची सगळी भिस्त टँकरवर होती. आदल्या वर्षी एल निनो आला, पावसानं ओढ दिली. कर्नाटकातले 236 पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर झाले. तेवढं निसर्गाचं. पण कूपनलिका का आटल्या? पाऊस मुरायला माती उरली नव्हती, तळ्यांना जोडणारे राजकालुवे, म्हणजे पावसाच्या पाण्याचे मोठे नाले, ठिकठिकाणी बुजले होते. आणि जवळच्या बेळ्ळंदूर तळ्यावर 2017 च्या फेब्रुवारीत आग भडकली, ती काही उन्हानं नव्हे. सांडपाणी, कचरा, वाळलेलं गवत... भर तळ्यातून धुराचे लोट! याच रस्त्यावरचं कैकोंड्रहळ्ळीचं तळं मात्र रहिवाशांच्या पाठपुराव्यानं पुन्हा भरलं. सकाळी तिथं पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात.