हे काळं कुणी टाकलं?

पहिली-दुसरीच्या मुलांना हवेचं प्रदूषण शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. रस्त्याकडच्या जास्वंदीच्या पानावर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, अलगद सोलायची आणि पांढऱ्या कागदावर लावायची. करडा पट्टा उमटतो, त्यात पानाच्या शिरांची पुसट नक्षीही दिसते. शेजारी मैदानामागच्या जास्वंदीची पट्टी लावली, की कुणीतरी विचारतंच, "बाई, हे काळं कुणी टाकलं?"

इथे परीक्षा मोठ्यांची सुरू होते. आपण चटकन सांगतो, झाडं हवा शुद्ध करतात, म्हणून झाडं लावायची. मुलाने विचारलं होतं कुणी टाकलं; आपण सांगतो, पुसतं कोण.

या उत्तराला आधार आहे, नाही असं नाही. 1771 साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टलीने, मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली; काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. पण तो हिशेब प्राणवायूचा. धूळ पान अडवतं, पचवत नाही. पाऊस आला की ती मातीत जाते, वारा सुटला की परत आपल्या नाकात. तोवर त्या थराखाली पानाला ऊन कमी मिळतं, पर्णरंध्रं बुजू शकतात. झाडाला आपण बिनपगारी सफाई कामगार करून टाकलं आहे. (पगारी सफाई कामगारांशी आपण कसे वागतो, हेही मुलं बघतच असतात.)

पट्टीची मर्यादाही मुलांना सांगावी. तिच्यावर दिसते ती जाडी धूळ. फुप्फुसात खोलवर शिरणारे कण अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे. ते सुटे डोळ्यांना दिसत नाहीत. पट्टी स्वच्छ निघाली म्हणून हवा स्वच्छ, असं नव्हे. सहा वर्षांच्या मुलाला हे पटतं. न दिसणाऱ्या गोष्टींवर त्याचा आपल्यापेक्षा जास्त विश्वास असतो.

आता 'कुणी टाकलं'कडे येऊ. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी स्कूटर, रिक्षा, गाड्या उभ्या असतात, कित्येकांची इंजिनं चालूच. मुलांना आवारातूनच त्या मोजू द्याव्यात. चालू किती, बंद किती, दोन रकाने, एका गाडीला एक रेघ. तो तक्ता पट्ट्यांच्या कागदाशेजारी पालकसभेच्या दिवशी भिंतीवर लावावा. पुष्कळ शाळा लावणार नाहीत. वृक्षदिंडीचे फोटो लावणं सोपं, त्यात पालक हसरे दिसतात.

आणि बाबांचीच गाडी 'चालू'च्या रकान्यात मांडताना एखादी मुलगी अडखळेल. बाईंनी तिला नाव किंवा गाडीचा नंबर लिहायला लावू नये. मुलाला घरच्यांविरुद्ध साक्षीला उभं करणं वाईटच. पण तिने रेघ मारली, तर ती खोडायलाही सांगू नये.