सदक्याचा दगड

उमरा करून परतताना आम्ही चार दिवस इस्तंबूलला थांबलो होतो. चार दिवसांत परके शहर कळत नसते. पाहुण्याला घराची बैठक दिसते, स्वयंपाकघर दिसत नाही. तरीही तिथल्या रोजच्या व्यवहारातली एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. आयासोफिया आणि सुलेमानिया मशिदीची वर्णने जाणत्यांनी पुष्कळ केली आहेत, ती इथे गाळतो.

फातिह भागात आमच्या मुक्कामाच्या गल्लीत पावाची भट्टी होती. फजरनंतर आम्ही रांगेत उभे होतो. पुढच्या बाईंनी तीन पावांचे पैसे दिले, दोन पिशवीत टाकले आणि 'अस्किदा' एवढाच शब्द बोलून त्या निघून गेल्या. तिसरा पाव दुकानदाराने दाराजवळच्या टोपलीत ठेवला. अस्किदा म्हणजे टांगलेला. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याने यावे, टांगलेला पाव आहे का विचारावे आणि घेऊन जावे. कुणी दिला हे त्याला कळत नाही, कुणी नेला हे देणाऱ्याला कळत नाही.

पण इथेही विचारावे लागतेच. दुकानदाराच्या नजरेला नजर द्यावी लागते. उस्मानी काळातल्या लोकांनी त्यावरही उपाय काढला होता. एमिनोनूच्या धक्क्यावरून बोटीत बसले की वीसेक मिनिटांत बॉस्फरस ओलांडून माणूस युरोपातून आशियात, उस्कुदारला उतरतो. तिथे एक जुना दगडी खांब उभा आहे. जाणारे-येणारे त्याच्याकडे बघतही नाहीत. त्याला सदक्याचा दगड म्हणतात. माथ्यावर खळगा असे. देणारा अंधार पडल्यावर हात वर करून त्यात नाणी ठेवी. गरजवंत तसाच हात वर करून लागेल तेवढे घेई आणि उरलेले पुढच्यासाठी ठेवी. लांबून पाहणाऱ्याला हा हात ठेवतो आहे की उचलतो आहे हे कळू नये, अशी ती सोय होती म्हणतात.

आणखी एक रीत ऐकली. रमजानमध्ये एखादा श्रीमंत माणूस अनोळखी मोहल्ल्यात जाई, वाण्याकडे उधारीची वही मागे, मधली काही पाने उलटून त्यांची बेरीज चुकती करी आणि ती पाने फाडायला सांगे. त्या वहीला तुर्कीत 'देफ्तेर' म्हणतात. आपल्या मुलांच्या पाठीवरचे दप्तर तेच. (1928 मध्ये तुर्कांनी लिपी बदलली. जुन्या पाणपोयांवरची अक्षरे आम्ही उर्दूवाले अडखळत का होईना लावत होतो, आणि तिथली तरुण मुले आमच्या तोंडाकडे पाहत होती!)

खैरात लपवून दिलेली बरी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याचा अर्थ आम्ही नेहमी देणाऱ्याच्या बाजूनेच लावत आलो: त्याच्या नियतीत दिखावा येऊ नये. घेणाऱ्याची गैरत राखणे हाही त्याच हुकमाचा भाग असेल, हे त्या दगडापाशी प्रथम सुचले. 2020 च्या टाळेबंदीत रेशनच्या पिशवीसोबत काढलेले फोटो आठवले. पिशवीवर चार-चार हात, आणि घेणारी बाई पदर ओढून खाली बघते आहे.

शाळेत आम्ही तरी वेगळे काय करतो? दर जूनमध्ये प्रार्थनेनंतर नावे पुकारून, पाहुण्यांच्या हस्ते वह्या वाटतो. एका वर्षी सातवीतली एक मुलगी नाव पुकारूनही उठली नाही. नंतर विचारले तर म्हणाली, "सर, मेरे पास हैं ना." नव्हत्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती मागच्या वर्षीच्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहीत होती.

अर्थात दुसरी बाजूही खोटी नाही. जकातीचा पैसा अमानत असतो. यादी नाही, सही नाही, तर वह्या खरोखर पोरांकडे गेल्या की बाजारात, हे देणाऱ्याने कशावरून मानावे? फोटो मागणारा प्रत्येक जण मिरवायलाच मागतो असे नाही. त्याला कुणीतरी आधी फसवलेले असते. आणि इस्तंबूलही काही फरिश्त्यांचे शहर नाही. 2011 पासून सीरियातून लाखो माणसे तुर्कस्तानात आली. मशिदीच्या पायऱ्यांवर एक बाई मूल मांडीवर घेऊन भर दुपारी हात पसरून बसली होती. टांगलेला पाव तिला पुरत नव्हता, हे उघड होते. आम्हीही तिला सगळ्यांसमोरच पैसे दिले.

यंदा आम्ही वह्यांचा गठ्ठा वर्गाच्या कपाटात ठेवला, कुलूप लावले नाही, आणि लागतील त्यांनी घ्याव्यात असे सगळ्या वर्गाला सांगितले. आठ दिवसांत कपाट रिकामे झाले. ज्याच्या बापाचे चौकात दुकान आहे, त्या मुलाकडेही त्यातल्या दोन वह्या दिसल्या. आम्ही त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर वर्गात बाकीच्यांकडेही माना वळल्या असत्या. मुख्याध्यापकांनी वाटपाची नोंदवही पाठवली आहे. त्यात चाळीस सह्यांचा रकाना आहे आणि त्यात काय लिहावे हे आम्हाला अजून सुचलेले नाही.