देव रागाला प्रश्न विचारतो
आजचं मनन: योना, अध्याय 4



राग येणं पाप आहे का? युथ मीटिंगमध्ये हा प्रश्न हमखास निघतो, आणि उत्तरही ठरलेलं असतं: ख्रिस्ती माणसाने रागावू नये, बस्स. पण पवित्र शास्त्र इतक्या लवकर विषय संपवत नाही. मार्क 3:5 काढून बघा. शब्बाथ दिवशी सभास्थानात प्रभू येशू समोरच्यांकडे रागाने पाहतो, आणि त्याच वचनात त्यांच्या कठोर मनाचं त्याला दुःखही होतं. मग तो वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करतो. त्या रागातून कोणाचं तरी भलंच झालं.

योनाचं तसं नाही. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवाने त्यांचा नाश टाळला, आणि नेमका याचाच योनाला संताप आला. खरं सांगू? मला योना समजतो. शत्रूचं शहर, आणि त्यांना इतकी सहज दया? देव मात्र त्याला झापत नाही. हा राग योग्य आहे का, असं विचारतो, तेही दोनदा. काइनालाही त्याने आधी प्रश्नच विचारला होता (उत्पत्ती 4:6), हाबेलावर हात उचलण्यापूर्वी.

हा प्रश्न मला टोचतो. बाबा आजारी असताना आम्ही आमचेच उसने दिलेले पैसे परत मागितले, तर घरातल्याच एका मोठ्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. बाबा आता नाहीत. लोकलमध्ये उभ्या उभ्या, रात्री अंथरुणात, मी त्यांना मनातल्या मनात कितीदा सुनावते. देवाने विचारलं तर माझं उत्तर तयार आहे: हो प्रभू, बरोबर आहे. अन्याय झालाय. आणि देव ते नाकारेल असं मला वाटत नाही.

पण पौल रागाला मुदत घालतो, सूर्यास्ताची (इफिस 4:26). यहुद्यांचा दिवस सूर्यास्तालाच संपतो, म्हणजे राग उद्याच्या खात्यात न्यायचा नाही. गंमत बघा, अनुवाद 24:15 मध्ये मजुराची मजुरीसुद्धा सूर्य मावळायच्या आत द्यायची आहे. ज्याचं त्याला देऊन दिवस मोकळा करायचा. आणि सूड? तो देवाच्या हाती सोपवायचा, असं रोम 12:19 सांगतं.

काही विश्वासी सांगतात, क्षमा केलीस ना, मग पैसेही विसर. मला हे पटत नाही. मत्तय 18:15 मध्ये प्रभूच सांगतो की अपराध करणाऱ्याला एकांतात गाठून त्याचा दोष दाखवावा. म्हणून मी जाणार आहे, पैसेही मागणार आहे. सोडायची आहे ती त्यांचं वाईट व्हायची वाट बघणं. योना तेच करत होता ना! शहराबाहेर मांडव घालून, निनवेचं आता काय होतं ते बघत बसला होता. आणि देव त्याला तिथली 1,20,000 हून अधिक माणसं दाखवत होता, वर गुरंढोरंही. योनाने काय उत्तर दिलं, ते पुस्तकात लिहिलेलंच नाही.

प्रार्थना: देवबापा, त्या घरातलीही माणसं तुझीच आहेत. मला या मांडवातून उठव. रविवारी त्यांच्या दारात उभी राहीन तेव्हा माझ्या जिभेवर तूच ताबा ठेव. येशूच्या नावाने मागते, आमेन.