हौस आणि ठेव

यात्रेस जाणाऱ्या मंडळींचे हौशे, नवशे व गवशे असे तीन वर्ग आपल्या लोकांनी फार पूर्वीच करून ठेवले आहेत. हौशा मौजेसाठी जातो, नवशा बोललेला नवस फेडण्यासाठी जातो, आणि गवशा काही गवसते का हे पाहण्यासाठी जातो. नवशाकडून देवाची अपेक्षा असते, गवशावर पोलिसांची नजर असते. हौशाकडून मात्र कोणीच कसलीही अपेक्षा करीत नाही. ‘ते हौसेने करतात’ या वाक्यात थोडे कौतुक असते व पुष्कळशी माफी असते. काम साधले तर वाहवा होते, आणि बिघडले तर ‘बिचारा फुकट तर करतो’ असे म्हणून लोक मोकळे होतात. ही माफी रास्त आहे काय? मोबदला न घेणाऱ्या मनुष्याच्या शिरावर काही कर्तव्य असते काय, आणि असल्यास ते येते कोठून?

असल्या प्रश्नाचा विचार नुसता हवेत केला तर तो हवेतच विरतो. म्हणून एक उदाहरण घेऊ, आणि तेही आमच्या जवळचेच घेऊ. आम्ही महाविद्यालयात शिकवितो आणि गेली पुष्कळ वर्षे फावल्या वेळात बेस गिटार वाजवितो. प्राध्यापकाच्या हाती सतार शोभली असती, असे ज्या वाचकांस वाटेल त्यांस इतकेच सांगतो, की आमचे वास्तव्य वाकोल्यास आहे. एका अंगास द्रुतगती महामार्ग, दुसऱ्या अंगास कालिना येथील विद्यापीठाचे आवार, आणि माथ्यावर विमानांची ये-जा, अशा जागी हे जुने गावठाण टिकून आहे. सेंट अँथनीच्या चर्चभोवती राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत गोव्याहून आलेली जशी आहेत, तशीच येथील मूळची, आपल्या धाटणीची मराठी बोलणारी ईस्ट इंडियन कुटुंबेही आहेत. येथे लग्न, सण व अंत्यविधी यांपैकी काहीही वाद्यांवाचून पार पडत नाही. अशा वस्तीत वाद्यवृंदास एक माणूस कमी पडतो, शेजारी विचारतात, आणि आपण ‘हो’ म्हणतो.

कमी पडणारा तो माणूस बहुधा बेसवालाच असतो, आणि याचे कारण उघड आहे. गाणारा सर्वांस दिसतो, गिटारवाल्याची बोटे मुले टक लावून पाहतात, ढोल वाजविणारा घामाघूम होतो म्हणून त्याचेही कौतुक होते. बेसवाला मागे उभा राहून आपल्या चार जाड तारांवर एकेक स्वर ठेवीत असतो. पूर्वी या कामास पुरुषभर उंचीचा डबल बेस लागे. १९५१ साली लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने विजेवर चालणारा व गळ्यात अडकविता येणारा बेस बाजारात आणला, तेव्हापासून हे ओझे सुमारे चार किलोंवर आले. तरीही स्वर खालचा तो खालचाच राहिला. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते, आणि तिच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. म्हणजे मुंबईतील मध्यम स्थितीच्या गृहस्थाच्या दिवाणखान्यात ती लहर पुरती मावतसुद्धा नाही! शिवाय मनुष्याचा कानही येथे आडवा येतो. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली प्रयोगांनी दाखविले, की आवाज बेताचा असता आपला कान खर्जातील स्वरांविषयी फार मंद असतो. म्हणून गाणाऱ्याच्या बरोबरीने ऐकू येण्यास बेसला कितीतरी अधिक शक्ती व मोठा ध्वनिवर्धक लागतो. आणि एवढे करूनही श्रोत्यांस तो ‘ऐकू’ येत नाही, नुसता जाणवतो.

हौशी बेसवाल्याचा संसार यावरून वाचकांच्या ध्यानी येईल. आठवडाभर नोकरी करावयाची, रात्री कानांस हेडफोन लावून सराव करावयाचा, कारण खालचे स्वर भिंती ओलांडतात व शेजाऱ्यांस गाणे न पोहोचता नुसता घुमारा पोहोचतो. तारांचा एक संच घेताना घरखर्चाची वही डोळ्यांपुढे येते. जुना ध्वनिवर्धक तांदळाच्या पोत्याइतका जड असे व रिक्षावाला त्याकडे पाहूनच नकार देई. आता दोन-तीन किलोंची यंत्रे निघाली आहेत, तरी ज्या पेटीतून आवाज बाहेर पडतो ती वाहणे चुकलेले नाही. कार्यक्रम उघड्यावर असला, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांमुळे एरवी रात्री दहाच्या ठोक्यास आटोपावा लागतो. मग वायरी गुंडाळावयाच्या, जेवण थंड झालेले असते ते जेवावयाचे, आणि घरी यावयाचे. ‘बेस छान वाजला’ असे त्या रात्री कोणी म्हणत नाही.

ज्यांचे पोट या विद्येवर चालले, त्यांचे कर्तव्य ठरविणे सोपे होते. गोव्याहून मुंबईस आलेल्या वादकांनी हॉटेलांतील जाझ मंडळ्या उभ्या केल्या, आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंदही पुष्कळसे त्यांच्याच बळावर चालले. राहुल देव बर्मन यांच्या संगीतातील बेस टोनी वाझ यांनी वाजविला; परंतु ती गाणी तोंडपाठ असणाऱ्या शंभरांतील किती जणांस हे नाव ठाऊक असेल? तरी त्यांस ठरलेल्या वेळेची बिदागी होती, आणि बिदागीबरोबर बंधन आलेच. नामवंत वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता १९५४ साली मुंबईहून व्हिएन्नास गेले, तेव्हा तेथे त्यांनी वादनासाठी जे वाद्य शिकावयास घेतले ते डबल बेसच होते. पण तीही पुढील व्यवसायाची तयारी होती. हौशी मनुष्यास बिदागी नाही आणि पुढचा व्यवसायही नाही. मग त्यास बांधणारे काय?

आमच्या परिचयाच्या एका हौशी वादकावर असा प्रसंग आला. चर्चच्या सणास वाजविण्याचे त्याने महिनाभर आधी कबूल केले होते. सणाच्या दोन दिवस आधी त्याच संध्याकाळचे एका लग्नाचे बोलावणे आले, आणि तेथे पैसे बरे मिळणार होते. तो म्हणाला, “मी यांच्याकडून एक पैही घेत नाही; मग यांचे माझ्यावर ऋण कसले?” वकिलाने त्याची बाजू उचलून धरली असती. १८७२ च्या करार-कायद्याचे २५ वे कलम असेच सांगते, की काही अपवाद सोडले असता मोबदल्यावाचून केलेला करार निरर्थक होय.

परंतु त्याच कायद्यात पुढे ठेवीसंबंधीचे १५१ वे कलम आहे, आणि तेथील भूमिका निराळी दिसते. कोणी आपली वस्तू आपल्यापाशी सांभाळावयास ठेवली, तर शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेतो तितकी त्या वस्तूची घेतली पाहिजे, आणि ती सर्वच प्रसंगी घेतली पाहिजे, असे ते कलम म्हणते. सांभाळण्याचे पैसे घेतले की न घेतले, याने काळजीचे माप बदलत नाही. इंग्लंडातील जुन्या निवाड्यांत फुकट सांभाळणाऱ्यास पुष्कळ सूट असे. आपल्याकडील कायद्याने ती दिली नाही. ठेव घेऊ नये असे वाटल्यास खुशाल नाकारावी. पण एकदा हातात घेतली, की ‘मी फुकट सांभाळीत होतो’ ही सबब उरत नाही. कायदा हे वस्तूंविषयी बोलतो; नीतीने तेच कामाविषयी बोलावे, असे आमचे म्हणणे आहे.

बेसच्या बाबतीत ही ठेव कोणती, हे एका लहानशा प्रयोगाने दाखविता येते. सा, ग, प हे तीन शुद्ध स्वर गिटारवाल्याने एकदम धरले, आणि खाली बेसवाल्याने सा दिला, तर ऐकणाऱ्यास प्रसन्नता वाटते. आता गिटारवाल्याने बोटही न हलविता तेच तीन स्वर धरून ठेवावेत, आणि बेसवाल्याने सा सोडून त्याखालचा शुद्ध धैवत द्यावा. तत्क्षणी त्याच तीन स्वरांवर उदासपणाची छाया पडते. वरच्यांनी काही चूक केलेली नसते, काही बदललेलेही नसते. दुसऱ्यांच्या बोलण्याचा अर्थ ज्याच्या हाती असतो, असा हा मागे उभा असलेला माणूस आहे. आपल्या गायनाच्या बैठकीत तंबोऱ्याचा खर्ज उतरला असता गवयाची जी अवस्था होते, तिच्याशी हे ताडून पाहावे. मागे बसून तंबोरा छेडणारा पुष्कळदा शिष्य असतो व त्यास बिदागी नसते. पण म्हणून ‘जरा उतरला तर काय बिघडले’ असे कोणताही गवई म्हणणार नाही. तेव्हा कर्तव्य उत्पन्न होते ते वेतनातून नव्हे. दुसऱ्याचे हित आपल्या हाती आले, यातून ते उत्पन्न होते. वेतन हे त्या कर्तव्याचे फार तर एक निमित्त होय.

यावर कोणी म्हणेल, की अशाने हौसेतील मौजच नाहीशी होईल. नोकरीचे जू कमी होते म्हणून हे दुसरे घ्यावयाचे काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु हौशी मनुष्याचे स्वातंत्र्य कोठे असते, हे नीट पाहिले पाहिजे. ते आत येण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि रीतसर निरोप घेऊन बाहेर पडण्याचेही आहे. गाण्याच्या मध्यावर हात काढून घेण्याचे मात्र ते नाही. हौशाने यात्रेस निघावे ते मौजेनेच. पण वाटेत दुसऱ्याचे मूल खांद्यावर घेतले, की त्या क्षणापुरता तो नवशा झाला.

हौसेचे आणखी एक पाप आहे, आणि ते सद्गुणाचा वेष घेऊन येते. एखाद्या उपाहारगृहाचा मालक म्हणतो, ‘तुम्ही तर आनंदासाठी वाजविता, जेवण आमच्याकडून’. नोकरीवाल्या वादकास यात उदारपणा वाटतो. पण ज्या जागी धनी गिऱ्हाइकांकडून पैसे घेतो, तेथे आपण फुकट वाजविले तर तेवढी बिदागी कोणा पोटार्थी वादकाच्या घरातून जाते. हे दान आपण धन्यास देतो, आणि देतो मात्र दुसऱ्याच्या खिशातून! म्हणून शेजारधर्माच्या जागी काही न घेता वाजवावे, आणि व्यापाराच्या जागी पुरी बिदागी घेऊनच वाजवावे. व्यापाराच्या जागी फुकट वाजविणाऱ्यास आम्ही हौशा म्हणत नाही; मंचावर उभे राहण्याची संधी गवसावी म्हणून आलेला तो गवशाच होय.

हा प्रश्न वाद्यांपुरता नाही, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. सहकारी गृहसंस्थेचा बिनपगारी चिटणीस, वाचनालयाचे हिशेब पाहणारा निवृत्त गृहस्थ, शेजारच्या मुलांस शिकविणारी गृहिणी, हे सर्व आपापल्या ठिकाणी बेसच वाजवीत असतात. त्यांचे काम नीट चालले असता दिसत नाही, आणि थांबले की सर्वांच्या पायांखालची जमीन हलते. त्यांस पैसे देणे बहुधा शक्य नसते. परंतु ‘फुकट तर करतात’ ही माफी त्यांस देणे हा त्यांचा गौरव नव्हे. तिचा अर्थ, त्यांच्या कामाची आपणांस तितकीशी गरज नाही, असा होतो. त्यांच्याकडून पुरे काम मागावे, आणि ते झाले म्हणजे झाले असे तोंडाने म्हणावे. आमच्या परिचयाच्या त्या वादकाने अखेर लग्नाचे बोलावणे परतविले आणि सणास वाजविले. त्या संध्याकाळी त्याचा बेस कोणाच्याही लक्षात आला नाही. आणि गाणाऱ्यांपैकी एकासही आपला स्वर शोधावा लागला नाही.